छपराची आश्विनांतली पाहणी



ज्या देशांत हिंवाळ्यांत बर्फ पडतें, त्या देशांतील गृहस्थ शरद ऋतु लागतांच आपल्या छपराकडे वळतो. पन्हळींत अडकलेलीं पानें तो काढतो, सरकलेलीं कौलें बसवितो, धुराड्याभोंवतालची फट बुजवितो. कारण पुढील तीन-चार महिने छपरावर पाऊल ठेवण्याची सोय उरणार नसते. आपल्याकडे ऋतूंचा क्रम निराळा आहे. येथें घराची कसोटी हिंवाळा घेत नाहीं, पावसाळा घेतो. म्हणून छपराचें काम वैशाखाचें, अशी समजूत घरोघर रूढ आहे, आणि शाकारणी हा शब्द कोंकणांत उन्हाच्या काहिलीशींच जोडला गेला आहे. ह्या समजुतीचा थोडा फेरविचार करणें हा आजच्या भाषणाचा हेतु आहे. शाकारणी वैशाखांत करावी हें खरें. परंतु तिचा आरंभ आश्विनांत झाला नाहीं, तर वैशाखांतलें काम अंधारांत चांचपडल्यासारखें होतें.

उदाहरणासाठीं ठाणें जिल्ह्यांतील मुरबाड तालुक्याचा मुलूख घ्यावा. मुरबाडहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावर म्हसा हें गांव आहे. पौष पौर्णिमेला तेथें भरणारी म्हसोबाची, म्हणजेच खांबलिंगेश्वराची, यात्रा आणि त्या यात्रेंतला बैलांचा बाजार पुष्कळ श्रोत्यांना ठाऊक असेल. गोरखगड, सिद्धगड चढावयास जाणारे तरुणही म्हसा येथूनच पुढें जातात. गांवाच्या पूर्वेस सह्याद्रीची भिंत उभी आहे. समुद्रावरून आलेले ढग तिला अडतात, आणि बरोबर जें कांहीं आणलें असेल तें तिच्या पायथ्याशीं ओतून मोकळे होतात. जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत येथें दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. म्हणजे पडलेलें पाणी जागच्या जागीं राहिलें असतें, तर उभ्या माणसाच्या डोक्यावरून गेलें असतें. एखादें छप्पर तीस फूट लांब व वीस फूट रुंद एवढी जागा झांकीत असेल, तर एका पावसाळ्यांत त्याच्यावरून एक लाख लिटरांहून अधिक पाणी वाहून जातें. त्यांतल्या दहा-बारा घागरी आंत शिरल्या, तरी कारवीच्या कुडाची माती विरघळते, कणगींतलें भात कोंदटतें, आणि वाशाचें टोंक भिंतींत असतें तेथें कुजण्यास आरंभ होतो. हजारांतला एक अंश घर बिघडविण्यास पुरतो.

आतां आश्विनाचें महत्त्व कशांत आहे तें पाहूं. नवरात्राच्या आधीं घर झाडावें, जळमटें काढावीं, भिंती सारवाव्या, चुना लावावा, ही आपली जुनी व चांगली चाल आहे. दसरा-दिवाळीला घर लख्ख दिसावें, ह्यांत गैर कांहींच नाहीं. परंतु ह्याच स्वच्छतेंत छपराची सारी साक्ष पुसली जाते. भिंतीवरून उतरलेला तांबूस ओघळ, वाशाच्या पोटावरचा काळा डाग, बुरशीचा पट्टा, जमिनींत थेंबांनीं पाडलेले लहान लहान खळगे, हीं सर्व छपराचीं गाऱ्हाणीं असतात. तीं चार महिने लिहिलीं जातात आणि एका सकाळीं शेणाच्या हातानें मिटविलीं जातात. पुढें वैशाखांत कौलें चाळावयास गडी येतो, तेव्हां भिंत बोलत नाहीं, जमीन बोलत नाहीं. मग तो एक तर सरसकट सारें छप्पर हालवितो आणि चार चांगलीं कौलें फोडून ठेवतो, नाहीं तर वरवर पाहून उतरतो.

कोणत्या रात्रीं कोणतें पातेलें कोठें मांडलें होतें, हें घरांतल्या बाईला मात्र पाठ असतें. छपराविषयीं घरांत सर्वांत अधिक माहिती तिला असते, आणि छपराचें काम ठरवितांना नेमकें तिलाच कोणी विचारीत नाहीं.

म्हणून सारवणाच्या आधीं एक दिवस पाहणीचा ठेवावा. त्यासाठीं वर चढण्याचें कारण नाहीं. किंबहुना आश्विनांत चढूंच नये. कौलांवर चार महिन्यांचें शेवाळ असतें, सकाळीं दंव असतें, आणि भिजून नरम झालेल्या रिपा माणसाचा भार घेतील असा भरंवसा नसतो. पाहणी आंतूनच करावयाची. भर दुपारीं, ऊन डोक्यावर असतांना, दारें-खिडक्या लावून माजघरांत उभें राहावें. डोळे अंधाराला सरावले म्हणजे छपरांतले उजेडाचे ठिपके दिसूं लागतात. प्रत्येक ठिपका म्हणजे गळती नव्हे; नळीच्या कौलांतून थोडा उजेड येतोच. परंतु ठिपका आणि डाग एका रेषेंत आले, कीं ती खूण पक्की समजावी.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावयास पाहिजे. थेंब जेथें पडतो त्याच्या बरोबर वर छिद्र असतें असें नाहीं. कौलाखालून आलेलें पाणी रिपेवर उतरतें, रिपेवरून वाशावर येतें, आणि वाशाच्या पोटाला धरून दोन-तीन हात घसरत जाऊन जेथें गांठ किंवा खिळा आडवा येईल तेथें सुटतें. म्हणून डागापासून आढ्याच्या दिशेनें शोध घ्यावा. वळचणीकडे शोधीत बसणारा मनुष्य दरवर्षीं तेंच चांगलें कौल बदलतो. दोष सांपडला कीं वाशावर कावेनें फुली करावी. भिंतीवर करूं नये, कारण भिंत सारवली जाणार आहे. ज्या घरांत लिहिणारें माणूस आहे तेथें दारापासून वासे मोजून वहींत एवढेंच टिपावें: तिसरा वासा, आढ्यापासून चार हात खालीं. आठ महिन्यांनीं ही एक ओळ अर्ध्या दिवसाची मजुरी वांचविते.

दोन पाख्यांची गोष्टही निरनिराळी आहे. जून ते सप्टेंबर वारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून वाहतो. त्यामुळें पश्चिमेचें पाखें सारा मार सोसतें, आणि लोकांचें लक्षही त्याच्याकडेच असतें. परंतु हस्त आणि चित्रा नक्षत्रांतला परतीचा पाऊस घाटाकडून येतो. दिवसभर ऊन तापतें, दुपारनंतर सह्याद्रीवर ढग जमतात, आणि तिसऱ्या प्रहरीं विजा व सोसाट्याचा वारा घेऊन पूर्वेकडून सर कोसळते. चार महिने कोरडें राहिलेलें पूर्वेचें पाखें ह्या अर्ध्या घटकेच्या पावसांत गळतें. हा पाऊस थोडा असतो म्हणून घरधनी ती गळती मनावर घेत नाहीं. वास्तविक छपराच्या दुसऱ्या अंगाची परीक्षा घेणारा तोच एक पाऊस आहे, आणि त्याचें उत्तर लिहून ठेवण्यासारखें असतें.

म्हसा आणि आसपासच्या वाड्या-पाड्यांत आज एकाच आळींत तीन-चार तऱ्हेचीं छपरें दिसतात. जुन्या घरांवर कुंभारानें घडविलेलीं नळीचीं कौलें आहेत. हीं एकावर एक नुसतीं टेंकलेलीं असतात. वारा, मांजर, उंदीर, कावळा ह्यांपैकीं कोणीही त्यांना जागचें हलवूं शकतो, आणि वानरांची टोळी आली म्हणजे विचारावयासच नको. म्हणून तीं दरसाल चाळावीं लागतात. मंगळुरी कौलांची जात निराळी. मंगळूर येथें बासेल मिशनच्या लोकांनीं १८६५ सालीं कौलांचा कारखाना काढला, आणि तेथून हें कौल सबंध पश्चिम किनाऱ्यावर पसरलें. त्याच्या पाठीला असलेली खांच रिपेला अडकते आणि कडेच्या पन्हळी शेजारच्या कौलांत बसतात. त्यामुळें तें सहसा सरकत नाहीं. तें गळूं लागलें तर दोष बहुधा तीन ठिकाणीं असतो: कौलाला केसासारखी चीर गेलेली असते, आढ्यावरच्या कौलांखालचा चुना सुटलेला असतो, किंवा कडेच्या पन्हळींत पालापाचोळा व शेवाळ बसून पाणी आडवें वळत असतें. चीर डोळ्यांना दिसत नाहीं, पण कानाला ऐकूं येते. कौल हातांत धरून बोटाच्या पेरानें वाजवावें. चांगलें कौल खणखणतें, चिरलेलें बद्द बोलतें. उतरलेल्या कौलांपैकीं धडकीं असतील तीं पडवीच्या कोपऱ्यांत उभीं रचून ठेवावीं. आज त्या मापाचें कौल हवें तेव्हां मिळेलच असें राहिलेलें नाहीं. कौलांचे कारखाने एकामागून एक बंद पडत आहेत, आणि निरनिराळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खांचा एकमेकींत बसत नाहींत.

पेंढ्याचें व गवताचें छप्पर हें तर सर्वस्वीं शरद ऋतूचेंच काम आहे, मग तें घरावर चढो केव्हांही. त्याचा माल कार्तिकांतच तयार होतो. कापणी झाली म्हणजे भात दोन रीतींनीं मोकळें करतात. बैलांच्या पायांखालीं मळलें तर पेंढा चिरडतो. तो जनावरांना खावयास ठीक, पण छपराला निकामी, कारण चेपलेल्या काडींत पाणी थांबतें. ओंडक्यावर किंवा दगडावर झोडलेल्या भाताची काडी सरळ व गोल राहते, आणि तिच्यावरून पाणी निथळून जातें. तेव्हां छपराचे भारे कोणते हें खळ्यावरच ठरवावें लागतें. नंतर ठरवूं म्हटलें तर चांगला पेंढा गंजीच्या तळाशीं जातो आणि वैशाखांत हातीं लागतो तो बैलांनीं नाकारलेला.

ह्या पेंढ्याविषयीं आणखी एक अडचण गेल्या दोन पिढ्यांत उत्पन्न झाली आहे. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनें १९६६ सालीं ‘आय. आर. ८’ ही बुटकी जात काढली. आपल्याकडे १९६८ सालीं ‘जया’ आली. पुढें अशाच आंखूड ताटाच्या जाती गांवोगांव पसरल्या. त्यांनीं दाणा वाढविला आणि कित्येक घरांतली उपासमार टाळली, हें ऋण मोठें आहे. परंतु जुनें भात छातीच्या वर जाई; नवें कंबरेशीं थांबतें. काडी आंखूड झाली तेव्हां एका थराचा दुसऱ्यावर येणारा पदर आंखूड झाला, आणि तीच जाडी साधण्यास भारे अधिक लागूं लागले. तेच भारे बैलांनाही हवे असतात. गोठ्यांत किती आणि घरावर किती, हा हिशेब कुळंब्याच्या घरांत दिवाळीनंतर बसून करावा लागतो. बैल उपाशी ठेवून छप्पर जाड करणें परवडत नाहीं, आणि छप्पर विरळ ठेवून बैल पोसले तर आषाढांत बैलही भिजतात. ज्यांच्या जवळपास डोंगरउतार आहे त्यांनीं गवतावर भिस्त ठेवावी. तें तुरे येऊन वाळूं लागलें म्हणजे, वणवे लागण्यापूर्वीं, कापून बांधून ठेवावें.

पेंढ्याचें छप्पर गळूं नये म्हणून जाडीइतकाच उतारही महत्त्वाचा असतो. पाणी काडीवरून घसरत वळचणीपर्यंत गेलें पाहिजे. तें वाटेंत रेंगाळलें कीं आंत झिरपतें. उतार उभा असेल, म्हणजे आढें वळचणीपासून जितकें आडवें दूर तितकेंच उंच असेल, तर मुसळधार पावसांतही पेंढ्याचा वरचा थोडाच थर भिजतो आणि खालचा कोरडा राहतो. कांहीं ठिकाणीं पेंढ्याखालीं सागाच्या वा पळसाच्या पानांचा थर देतात, त्याचें कारण हेंच कीं वरून चुकून आलेलें पाणी पानावरून पुढें सरकावें. थर वळचणीपासून आढ्याकडे चढवीत न्यावयाचे, हें सांगण्याची खेड्यांत कोणाला आवश्यकता नाहीं. शहरांतून येऊन हौसेनें पेंढ्याची झोंपडी बांधणाऱ्या मंडळींना मात्र सांगावें लागतें. उतरलेलें कुजकें गवत वायां जात नाहीं. राब भाजतांना तें भाताच्या रोपवाटिकेवर जळतें आणि खत होतें.

वासे, रिपा आणि कामट्या ज्या बांबूच्या करतात, त्याचाही हंगाम हाच आहे. बांबूच्या अंगांत पिष्ट असतें, कांजीसारखा गोड अंश. त्याच्या लोभानें बारीक भुंगेरे आंत शिरतात आणि बांबूचें पीठ करतात; त्यालाच लोक घुण लागला म्हणतात. पावसाळ्यांत नवे कोंब वाढविण्यांत बेटाचें पिष्ट खर्च होतें, त्यामुळें पाऊस उलगडल्यावर, थंडींत तोडलेल्या बांबूंत तें कमी असतें. उन्हाळ्यांत तें पुन्हां साठतें. वैशाखांत घाईनें तोडून तसाच घरावर चढविलेला बांबू म्हणजे भुंगेऱ्यांना वाढलेलें ताट होय. अंधाऱ्या पक्षांत बांबू तोडावा अशी जुनी रीत आहे. तींतला चंद्राचा भाग कितपत खरा ह्याविषयीं वाद घालावयास हरकत नाहीं. ऋतूचा भाग पक्का आहे. तीन वर्षांहून जुने बांबू निवडावे, ओढ्याच्या वाहत्या पाण्यांत तीन-चार आठवडे बुडवून ठेवावे म्हणजे उरलेलें पिष्टही धुवून जातें, आणि मग सांवलींत वाळवावे. मार्गशीर्षांत बुडविलेला बांबू यात्रेच्या सुमारास वर निघतो आणि वैशाखापर्यंत खडखडीत होतो. स्वतःच्या जमिनींतला बांबू तोडण्यास २०१७ पासून वनकायद्याची पूर्वीची अडचणही उरलेली नाहीं. त्या सालीं कायद्यांतल्या ‘वृक्ष’ ह्या व्याख्येंतून बांबू वगळण्यांत आला.

घुणाच्या बाबतींत एक नवी गोष्ट घडली आहे. पूर्वीं चुलीचा धूर रात्रंदिवस छपरांतून झिरपे. त्यानें वासे काळे होत, पण किडत नसत. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजीं सुरू झाली आणि त्यानंतर खेड्यांतल्या पुष्कळ घरांत गॅसची शेगडी आली. बायकांच्या छातींतला धूर गेला, ह्यापेक्षां अधिक मोलाचें दुसरें कांहीं नाहीं, आणि छपरासाठीं चूल पुन्हां पेटवावी असें कोणी शहाणा माणूस म्हणणार नाहीं. पण धुरानें फुकट केलेलें काम आतां हातांनीं करावें लागेल, एवढें समजून असावें. आश्विनांत वाशांखालीं पिठासारखा पांढरट भुसा पडलेला आढळला तर तो केरसुणीनें लोटून टाकण्यापूर्वीं वर पाहावें.

राहतां राहिले पत्रे. पत्र्याला शाकारणी लागत नाहीं म्हणून लोक निर्धास्त असतात, आणि म्हणूनच तो एका रात्रींत दगा देतो. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलें, तेव्हां उडालेले पत्रे आणि उघडीं पडलेलीं घरें ह्यांचीं चित्रें सर्वांनीं वृत्तपत्रांत पाहिलीं. वारा छपराला वरून दाबतो अशी सामान्य कल्पना आहे. प्रत्यक्षांत जोराचा वारा छपरावरून जातांना त्याला वर ओढतो, आणि वळचणीखालून शिरलेला वारा खालून ढकलतो. दोन्ही बळें एकाच दिशेचीं असतात. कडेचे आणि आढ्याजवळचे पत्रे आधीं सुटतात तें ह्यामुळें. तेव्हां पाऊस संपल्यावर कडेच्या रांगेचे आंकडे तपासावे. आंकड्यांखालचे रबरी वायसर उन्हानें वाळून फुटतात. गळती बहुतेक तेथूनच असते, आणि गंजही तेथूनच धरतो. पत्र्यावर दगड ठेवणें हा उपाय नव्हे. वादळांत तो दगड घरांतल्याच कोणाच्या डोक्यावर येतो. सिमेंटचे जुने पन्हळी पत्रे असतील तर ते फोडूं किंवा घांसूं नयेत. त्यांतल्या अॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांत राहते आणि तिचा त्रास पुष्कळ वर्षांनीं दिसतो.

हें सारें वैशाखापर्यंत कां लांबवूं नये, ह्याचें उत्तर अलीकडच्या पंचांगांत नाहीं, हवामानखात्याच्या नोंदींत आहे. ‘मृगाच्या आंत छप्पर’ हा जुना हिशेब होता, आणि मृग म्हणजे जूनची सात-आठ तारीख. पण ‘तौक्ते’ वादळ १५ ते १७ मे २०२१ ह्या तीन दिवसांत कोंकण किनाऱ्यालगतून गुजराथेकडे गेलें. शाकारणीचा तो ऐन हंगाम होता, आणि कित्येक घरांचीं कौलें उतरलेलीं होतीं. २०२५ सालीं तर मोसमी पाऊस मुंबईंत २६ मे रोजींच दाखल झाला, नेहमीच्या ११ जूनच्या सोळा दिवस आधीं. रोहिणी नक्षत्र लागतें न लागतें तोंच मृगाचें पाणी आलें म्हणावयाचें. उलट टोंकालाही तसेंच. ११ नोव्हेंबर २००९ रोजीं ‘फयान’ वादळ कोंकणावर आलें तेव्हां भात खळ्यावर होतें आणि पाऊस संपला म्हणून लोक निश्चिंत होते. काम करावयास मिळणारा कोरडा काळ दोन्ही टोंकांनीं अनिश्चित झाला आहे. ज्याचा माल हिंवाळ्यांतच कोरडा होऊन पडवींत पडला आहे आणि ज्याला छपराचे दोष आधींच ठाऊक आहेत, त्याचें वैशाखांतलें काम चार दिवसांत उरकतें. ज्याला तेव्हां बांबू शोधावयाचा आहे त्याला एक महिना लागतो, आणि तो महिना आतां मिळेलच असें नाहीं.

कल्याण, डोंबिवली, ठाणें येथील गच्चीच्या इमारतींत राहणाऱ्या श्रोत्यांना हें सारें दूरचें वाटूं नये. गच्चींतून झिरपणारें पाणीही छताच्या आंतून प्रवास करून भलतीकडे डाग पाडतें, आणि दिवाळीचा रंग तोच डाग झांकतो. रंगाऱ्याला बोलाविण्याच्या आधीं डागांचीं छायाचित्रें तारखेसह काढून ठेवावीं, पन्हळाचीं तोंडें मोकळीं करावीं, आणि भेगांचें काम हिंवाळ्यांत, छत पूर्ण सुकल्यावर करवून घ्यावें. काम झाल्यावर गच्चींत दोन दिवस पाणी कोंडून पाहावें. मे महिन्यांत सारे शहर एकदमच कारागीर शोधतें, तेव्हां मिळतो तो कारागीर नव्हे, जो मोकळा असेल तो.

आतां अशा घरांविषयीं, ज्यांना आश्विनावांचून दुसरा काळच नाहीं. मुरबाड व शहापूर ह्या दोन्ही तालुक्यांतलीं कित्येक कातकरी कुटुंबें दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. भिंवडी-कल्याणच्या बाजूला, रायगडांत, आणखी दूर. शहरांतल्या भिंती ज्या विटांच्या आहेत त्यांपैकीं पुष्कळ ह्यांच्या हातच्या आहेत. नवरा, बायको आणि कळतीं मुलें भट्टीवर असतात. म्हातारें माणूस मागें राहिलें तर राहतें, नाहीं तर झोंपडी सहा-सात महिने बंद असते. तिच्यांत चूल पेटत नाहीं, म्हणून धूर नाहीं. वाळवीला आणि उंदराला अडविणारें कोणी नाहीं. पहिल्या पावसानें भट्टी बंद होते तेव्हां हे लोक परततात, म्हणजे जो पाऊस त्यांना घरीं पाठवितो तोच त्यांच्या आधीं घरांत शिरलेला असतो. इतरांना शाकारणीचा वैशाख असतो. ह्यांचा वैशाख भट्टीवर जातो. सरकारनें नोव्हेंबर २०२३ मध्यें आदिम जमातींसाठीं जी जनमन योजना सुरू केली तींत कातकऱ्यांना पक्कीं घरें देण्याची तरतूद आहे, आणि कांहीं वाड्यांत तीं उभीं राहत आहेत. परंतु ज्यांचें घर अद्याप कुडाचें आहे त्यांना येता पावसाळा काढावयाचाच आहे.

अशा घरीं निघण्यापूर्वीं तीन गोष्टी होऊं शकतात. गवत कापून त्याचे भारे आंत माळ्यावर, जमिनीपासून उंच बांधून ठेवावे. उघड्यावर राहिले तर चैत्रापर्यंत ते दुसऱ्याच्या गोठ्यांत जातात. मोडक्या कामट्या तेव्हांच बदलाव्या, कारण परत आल्यावर त्यासाठीं छप्पर उघडण्याइतकी उसंत पाऊस देत नाहीं. आणि पेंढ्यावर पसरलेला प्लॅस्टिकचा कागद पाऊस संपतांच काढावा. तो छपरावर तसाच राहतो, आठ महिन्यांचें ऊन त्याला खातें, आणि जूनमध्यें हात लावतांच त्याचा चुरा होतो. मग परतीच्या वाटेवर, भट्टीच्या हिशेबांतून हातीं आलेल्या पैशांतून, नवा घ्यावा लागतो. आश्विनांत उतरवून, धुवून, सांवलींत वाळवून, घडी करून त्याच माळ्यावर ठेवला तर तोच कागद दुसऱ्या पावसाळ्याला येतो, पुष्कळदां तिसऱ्यालाही. ह्या एवढ्या कामाला दोन माणसांची एक दुपार लागते. कापणीच्या दिवसांत त्या दुपारची दोघांची मजुरी बुडते, आणि म्हणूनच तें बहुधा राहून जातें.